फरहानासाठी फुली

"अम्मी म्हणायची, जेबा, हिरा दुकानाच्या लायटीखाली पाहू नको. दारात नेऊन पाह्य."

यवतमाळच्या सराफाकडे मी देवाचं निरांजन उजळायला दिलं होतं. शेजारचं जोडपं नाकातली फुली निवडत होतं.

"अजी, हा दारात पिवळा दिसते."

"पण केवढा मोठा हाय! पांढरकवड्यात, तुह्या बहिणीच्या निकाहात उठून दिसन."

"मोठा कायले? अम्मी गेली तवा मी जबान देल्ली. फरहानाले माह्या फुलीसारखाच पांढरा खडा देईन म्हणून."

"तसा इथं नाही ना. मंग?"

"मंग हा मोठा मलेच घ्या."

"तुले? पिवळा?"

"तुमी मले लायटीखालीच तं पाह्यता!"

जेबानं नाकातली फुली काढली, रुमालात बांधली अन् पांढरकवड्याच्या गाडीकडे निघाली.