मातीला स्पिरिटने किती वेळा धुवायचं?

माननीय अध्यक्ष, मंचावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आमच्या प्रयोगशाळेतले काका, पहिल्या रांगेतल्या काकू आणि सहकाऱ्यांनो,

मी भाषण कधी लिहून आणत नाही. आज आणलं, कारण सोमवारी मी काकांना लेखी मेमो दिला, आणि लेखी दिलेलं नुसतं तोंडी मागे घेता येत नाही.

पाहुण्यांसाठी सांगते. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. म्हणून ती कॅल्शियम, पोटॅशियमसारखे धन भाराचे आयन धरून ठेवते. दुसरे आले की अदलाबदलही करते. ती एकूण किती धरते हे मोजायला आम्ही तिला अमोनियम पाजतो, उगाच रेंगाळलेलं स्पिरिटने धुऊन काढतो आणि धरलेलं मोजतो. पुस्तक म्हणतं, पाच वेळा धुवा.

नव्या केमिस्टने पाच वेळा धुतलं. एकतीस आलं. त्याच मातीचा काकांचा आकडा चोवीस.

"मॅडम, म्हणजे इतक्या वर्षांचे रिपोर्ट चुकलेत?"

त्या रिपोर्टांवर सही कोणाची? सव्वीस वर्षं माझी. मी तडकाफडकी पुस्तकाप्रमाणे न धुतल्याचा मेमो काकांच्या नावे काढला. काकांनी तो वाचून घडी घातली. "मॅडम, एकदा स्वतः हात ओले करून बघा."

केले. पाचव्यांदा गाळून आलेल्या स्पिरिटमध्ये तपासणीचा थेंब टाकला, तर पिवळा! अमोनियम अजून येतच होतं. सातव्यांदा पिवळेपणा गेला, चोवीस. मग मी जास्तीची हुशारी केली, दहा वेळा धुतलं. एकवीस! धरलेलंही सुटायला लागलं.

"काका, खरा आकडा कोणता?"

"थेंब थांबला की थांबायचं. माती पुस्तक वाचत नाही, मॅडम."

"आणि थेंबच चुकला तर?"

"तर थेंब, तुम्ही आणि मी, तिघंही चुकलो."

काकू, हसू नका. काका बरोबर असतील, तर प्रत्येक रिपोर्टखाली मी लिहिलेलं 'पुस्तकातील पद्धतीनुसार' खोटं. ते खरं मानावं, तर आकडे खोटे. अध्यक्षमहाराज, तुम्ही मान हलवताय, पण होकाराची की नकाराची? माझं डोकं चार दिवस गरगरतंय. कळलं ते एवढंच, की मेमो चुकीच्या माणसाला गेला.

आपण सगळे आलात, आभारी आहे. बोलण्यात काही तिखट गेलं असेल, तर पोटात घाला.

आता निवृत्तीच्या देवाणघेवाणीची यादी वाचते. काकांकडून मेमोची मूळ प्रत परत घेतली. काकांनी नव्या केमिस्टला थेंबनळी आणि कोणती माती कितव्या वेळी थांबली याची वही दिली. दुसरा मेमो माझ्या नावे: देणार मी, घेणार मी. सही, दोन्हीकडे.