आठव्या ओळीवरची रेघ

“हॅलो? … हॅलो, हो, कॉम्प्युटर विभाग, पुएर्तो मोन्त… कोण, नेल्दा? अगं मोठ्यानं बोल. बेटावरून फोन केलास की आधी वारा ऐकू येतो, मग तू.”

यास्ना ओयार्सुननं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. किनाऱ्यावरच्या नऊ केंद्रांतले लोक तारेवरून एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर येऊन समुद्राची मोजमापं भरत, आणि त्यात कुणाला आत घ्यायचं ते यास्नाच्या हातात आहे असं सगळ्यांना वाटे. यास्नाच्या मते ते फॉर्मच्या हातात होतं.

“हो, मिळालाय तुमचा फॅक्स, समोरच आहे. … हो, आजच. पाच वाजता तुमचं ते सगळ्यांत मिळून एक असलेलं खातं बंद. … अगं ऐक ना, मी नाही ठरवलं, सान्तियागोच्या मुख्य कचेरीतून हुकूम आलाय. अकरा वर्षं तुम्ही सगळे एकाच नावानं आत शिरताय, कोण काय भरतं ते कुणाला कळणार? … तुम्हाला कळतं. बरं. त्यांना नाही कळत. आता माणशी एक खातं, माणशी एक पासवर्ड. वार्षिक अहवालात छापायचं नावसुद्धा खात्यावरूनच उचलणार. … हो, आपोआप.

“चल, सुरू करते. पहिले केंद्रप्रमुख, उरुतियासाहेब. … झालं. … नंबर दिला, गट दिला, कागद ठेवायला जागा दिली. एवढंच असतं गं, बाळंतपण नाही ते. … दुसरा वेरा, होडीवाला. … झाला. तिसरी तू. … हो, तुलाही नंबर आहे. … नाही, आवडीचा नाही मिळत.

“आता तात्पुरता पासवर्ड टाकून आत जा आणि तो लगेच बदल. … काय ठेवलास ते मला सांगू नकोस. … सांगू नकोस म्हटलं ना. … कापितान. अगं कुत्र्याचं नाव? … आणि वेरानं? … तोही कापितान. म्हणजे सातही जण तेच ठेवणार? नेल्दा, बेटावर एकच कुत्रं आहे हे मला मान्य आहे, पण… अगं, तुमच्या दारांना कुलपं नसतील, इथं लागतात. बदला. … नाही, पुढं एक-दोन आकडे लावूनही नाही चालणार.”

पाऊण तास हे चाललं. यास्ना कंटाळली नव्हती आणि खूशही नव्हती. एक खातं झालं की ती कागदावर बरोबरची खूण करी आणि पुढच्या नावाला लागे.

“झाली सात. ठेवू? … आणखी कोण? … यादी सातचीच आहे. … आठवं नाव? थांब हं. … इथं एक काळी रेघ आहे, मला वाटलं फॅक्सची शाई पसरली. … ओतिलिया… नाउएल्किन. या कोण? … स्वयंपाकाच्या बाई? अगं, माशाचा रस्सा कॉम्प्युटरवर शिजवता का तुम्ही? … हं. … हं. … सकाळी सहाची पाण्याची पातळी? ती उरुतियासाहेब घेतात. … दर वर्षी अहवालात नाव असतं त्यांचं. एकही सकाळ न चुकवणारं अख्ख्या किनाऱ्यावरचं एकमेव केंद्र. गेल्या वर्षी प्रशस्तिपत्र मिळालं, मीच टाळ्या वाजवल्यात. … मग कोण घेतं? … किती वर्षं? … नऊ.

“फोन धर जरा.”

सांगोवांगीवर यास्नाचा विश्वास नव्हता. कोण कधी आत आलं याची नोंद कॉम्प्युटर स्वतः ठेवी, त्या नोंदीवर मात्र होता. तिनं फेब्रुवारी काढला. तो सगळा महिना उरुतियासाहेब सुट्टीवर सान्तियागोला होते. जाताना याच खोलीत बसून त्यांनी तिच्याकडचा चहा घेतला होता.

“आहेस ना? … फेब्रुवारी बघतेय. सहा वाजून दोन मिनिटं, सहा वाजून एक, सहा वाजून चार… हो, आहेत. रोजच्या रोज. … मी काही बोलत नाहीये, वाचतेय.

“आता रडू नकोस. रडून फॉर्म भरला जात नाही. … उद्यापासून काय होणार ते सांग. … साहेबांचा भाचा? … पगारी निरीक्षक म्हणून? … पण ती जागा तर… हो, जो नोंदी घेत असेल त्यालाच द्यायची, हुकमात लिहिलंय तसं. … आणि बाईंनी ती मागितली होती? तोंडावर? … कधी? … सोमवारी. आणि मंगळवारी रेघ. … अच्छा.

“अगं ऐक, मला काय वाटतं याचा इथं संबंध नाही. प्रमुखाच्या सहीच्या यादीत नाव असेल तर खातं, नसेल तर नाही. … नाही, तुझ्यासाठी मी नियम वाकवणार नाही. माझ्या सख्ख्या बहिणीसाठी वाकवला नाही, ती अजून बोलत नाही माझ्याशी. … कर, राग कर.”

तिला वाईट वाटलं. रोज सकाळी कामावर आल्यावर ती सगळ्यात आधी हाच सहाचा आकडा बघायची, आणि तो पाठवणाऱ्या हाताबद्दल नऊ वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं. तिनं फॅक्स पुन्हा उचलला आणि खिडकीशी नेला.

“नेल्दा. … नाही, ठेवू नकोस. मूळ कागद आहे ना तुझ्यापाशी? त्या रेघेच्या बाजूला बघ. … साहेबांची छोटी सही? … तारीख? … नीट बघ. … मागच्या बाजूला? … काहीच नाही. नक्की? … बरं.

“मग ती खाडाखोड मला धरता येत नाही. … रेघ दिसते गं, आंधळी नाहीये मी. पण खोडलं की शेजारी सही लागते. नसेल तर खोडलेलं नाही असं समजायचं. नाव जागच्या जागी आहे. … उपकार कसले? हाच नियम. … बाईंना बोलव. … पिठाचे हात पुसून येऊ देत, मी थांबते.

“नमस्कार, ओतिलियाबाई. यास्ना बोलतेय. … नाही नाही, काही चुकलेलं नाही तुमचं. … तुमचा आकडा मी रोज वाचते. कोण पाठवतं ते विचारायला हवं होतं मी, विचारलं नाही. … इथं ‘काम’ असा रकाना आहे, काय लिहू? … ‘साहेब म्हणतील ते’ नाही लिहिता येत, बाई. धक्क्यावर जाऊन पाणी मोजायची पट्टी कोण वाचतं? … पावसात? … मग तेच लिहिते. पातळीचं निरीक्षण.

“आता तुमचा एक शब्द टाका. मला सांगू नका, नेल्दालाही नको. … तिला तोंड फिरवायला सांगा. … टाकला? पुन्हा तोच. … आलात आत. … हो, एवढंच.

“मागची नऊ वर्षं? … ती जुन्या खात्यावर आहेत, बाई. मला हलवता येत नाहीत. … खरंच नाही येत, नाहीतर केलं असतं. … हो. उद्यापासूनची तुमची.

“कोण आलं? … नेल्दा, कुजबुजू नकोस, काही ऐकू येत नाही. … दारात उभे आहेत? मग दे ना फोन त्यांना. … नमस्कार, साहेब. … हो, आठ. … रेघ पाहिली मी, बाजूला सही नाही. … चूक झाली असेल तर नवी यादी पाठवा. नाव काढताना कारण लिहावं लागतं, आणि एक प्रत सान्तियागोला जाते. … फेब्रुवारीच्या नोंदीही जोडाव्या लागतील मला. … राहू दे म्हणता? बरं, राहू दे. … भाच्याचा फॉर्म वेगळा. … अहवालात? जो भरेल त्याचं नाव. … असं कसं, साहेब? तुमचंही खातं आहे की, सगळ्यात आधी तुमचंच केलं. उद्या सकाळी सहाच्या आत उठायचं, धक्क्यावर जायचं, पट्टी वाचायची. तुमचंही नाव येईल. … हॅलो? … साहेब?”

पलीकडून फोन ठेवला गेला होता.