जाहिरातीची पोच

ई-मेलच्या कटकटी मला सांगूच नका. नव्व्याण्णव साली आमच्या दैनिकाच्या भिलाई कार्यालयात एकच फोन होता. त्याच लाईनवरून सर्व्हरवरचं टपाल मुंगीच्या पावलाने उतरायचं, आणि ते उतरल्याशिवाय आपलं काही जायचं नाही. त्यात लॉटरीच्या आणि टक्कल घालवण्याच्या जाहिराती! एकदा मरोदा भागातल्या गढूळ पाण्याची माझी बातमी त्यांच्यामागे अडकली. सहाला नागपूरचं पान लागणार होतं. ई-मेल सांभाळायचे ढकाटे, प्लांटच्या आवक-जावकमधून निवृत्त झालेले.

"ढकाटे, हा कचरा रोज वाढतो कसा?"

"काय मालूम, साहेब! मी तं एकूणएकाले पोच देऊन राहिलो."

"जाहिरातीला पोच?"

"आलेल्या पत्राले पोच द्याच लागते. नोकरीभर तेच केलं."

"अहो, उत्तर गेलं की ते दुप्पट पाठवतात!"

मी कॉम्प्युटरची तार उपटून फोनला लावली आणि अख्खी बातमी ओरडून नागपूरला सांगितली. शेवटच्या ओळीला ढकाट्यांनी माझा खांदा हलवला.

"साहेब, आता लाईन सोडा ना जी. पोचेची पोच आली असंन."