डावा बूट

दोन हजार अठराचा उन्हाळा, ऐन मे महिना... आणि माझ्या दुकानासमोर, माझ्या, निळ्या सायकलींची ही लांब रांग! कुणी मागितल्या होत्या? तुम्ही? मी तर नाही! भाड्याने सायकली देण्यात माझा जन्म गेला, आणि ह्या आणल्या कुणी? आमच्या जावयाने, त्याच्या कंपनीच्या!

जावई म्हणजे कोण, तेही सांगतो. माझ्या दुकानाची रीत एकच. सायकल न्या, डावा बूट ठेवा. सही नको, ओळख नको. एका बुटावर माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? येतोच परत! आली नाही ती एकच सायकल. काळी, मोठ्या घंटीची, नवीकोरी. एक पोरगा घेऊन गेला आणि मागे कॅरिअरवर, तुम्हाला सांगतो... माझी थोरली बसलेली! लग्न करून मोकळे! बूट राहिला माझ्या खिळ्यावर. मी म्हटलं, सायकल येईपर्यंत ह्या माणसाशी बोलणार नाही. नाही म्हणजे नाही. मुलगी घरात येते, नातवंडं धुडगूस घालतात, हा दाराबाहेर.

तर हा दारातून मला धंदा समजावतोय! "बाबा, मोबाइल दाखवायचा, कुलूप उघडतं. जिथं उतराल तिथं सोडून द्यायची."

मी बायकोकडे बघितलं. "विचार त्याला, परत कशी येणार?"

"अहो, तो समोरच उभा आहे!"

"तू विचार!"

"लोक महिन्याची वर्गणी भरतात, बाबा. टोपलीवर जाहिराती. शिवाय कोण कुठून कुठे जातं, ती माहिती विकायची. खरा पैसा सायकलीत नाहीच!"

ऐकलंत? सायकलीचा धंदा, आणि पैसा सायकलीत नाही! मी बायकोला म्हटलं, "ते समजलं. परत कशी येणार?"

नाही आल्या! एक कालव्यात. एक झाडावर... वर कशी चढली, देव जाणे! एक दातांच्या डॉक्टरच्या गच्चीत, तिच्यावर टॉवेल वाळत! जावई दिवसभर उन्हात सायकली हुडकत फिरतोय. मी बघत होतो. बोललो नाही.

मग थोरली आली, डोळे लाल. "बाबा, ह्यांचे साहेब म्हणतात, उरलेल्या गेल्या तर तुम्हीही घरी जा. काहीतरी करा ना!"

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"बोलू नका! करा!"

आईवर गेलीय, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी फळी घेतली, खिळे ठोकले, आणि त्या निळ्या सायकलींपुढे खुर्ची टाकून बसलो. मोबाइल दाखवायचाय? खुशाल दाखवा. डावा बूट काढा. टायवाले भडकले, उंच टाचांच्या बाई किंचाळल्या, "अहो काका, हा काय प्रकार आहे?" मी म्हटलं, "बूट." मी जास्त बोलत नाही. आणि संध्याकाळी? सगळे लंगडत हजर! एकूण एक सायकल परत!

जावयाचे साहेब धावत आले. "वा! पादत्राणांवर आधारित अनामतीचं मॉडेल! सगळ्या शहरांत राबवू!" मॉडेल कसलं डोंबलाचं, बूट आहे! त्यांनाही फेरी मारायची हुक्की आली. म्हटलं, आधी बूट. काढला बिचाऱ्यांनी. मोज्याला ही एवढी भोकं!

तर नोकरी राहिली. आणि त्याच रविवारी जावई दारात. हातात ती काळी सायकल, आणि हँडलला पिशवी. पिशवीत काय? उजवा बूट! पॉलिश केलेला!

"कधीच आणणार होतो, बाबा. ती घेऊन तुमच्यासमोर यायचं धाडस होत नव्हतं."

मी आधी सायकल हातात घेतली. ब्रेक दाबून पाहिले. लागतात. चाक फिरवलं. सरळ. घंटी वाजवली. वाजते! एक ओरखडा दिसेल तर शपथ! खोट काढायला जागाच ठेवली नाही हो माणसाने...

मग काय करता? सायकल परत आली! खिळ्यावरचा बूट काढला, धूळ झटकली, आणि दिला.