गॅप सर्टिफिकेटची दुसरी प्रत

(ऑगस्टमधली दुपार. जर्मनीतल्या एका स्टुडिएनकोलेगसमोर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची विद्यापीठाआधी तयारी करून घेणाऱ्या कॉलेजासमोर, उभी असलेली गाडी. स्टिअरिंगवर लहू, शेजारी त्याची भाची धम्मदीपा.)

धम्मदीपा : गाडी काढा ना मामा. पार्किंगची चकती एकाच तासाची लावलीय तुम्ही.

लहू : लागू दे दंड. ती ऑफिसातली बाई काय म्हणाली ते मला परत सांग. तिचं जर्मन फास्ट, आणि मी भीतीनं आधीच गारठलेलो.

धम्मदीपा : म्हणाली, कोलेगच्या हातात आता काही नाही. त्यांचा कागद बरोबर आहे. पहिलं सेमिस्टर मी इथं केलं, दुसऱ्याला रीतसर रजा मंजूर करून घेतली, तिसऱ्यात येऊन परीक्षा दिली. सगळा वेळ नाव पटावर. कुठे खंड नाही.

लहू : गेनाऊ, अगदी बरोबर! मग युनिव्हर्सिटी रिजेक्ट कशी करते? वर्गात तिसरी आलेली पोरगी!

धम्मदीपा : कारण त्याच अर्जाला आपण बाबांनी पाठवलेला दुसरा कागद जोडलाय. त्यात लिहिलंय, त्या सहा महिन्यांत माझं नाव कुठल्याच कॉलेजात नव्हतं. तेही बाबांच्या शपथेवर.

लहू : ते... ते गॅप सर्टिफिकेट आहे अगं.

धम्मदीपा : हे त्यांना कसं कळणार?

लहू : स्टँडर्ड मजकूर असतो तो! कोर्टाबाहेरचा टायपिस्ट न बघता बडवतो. 'सदर कालावधीत कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही.' आपल्याकडे तेच तर लागतं. पोरगी दुसरीकडे कुठे अडकलेली नव्हती, घरीच होती, एवढंच म्हणायचं असतं.

धम्मदीपा : आणि इथं नाव लागलेलं होतं हेच दाखवायचं असतं. म्हणून तर रजेचा अर्ज टाकून गेले होते ना मी. बाबांचं बायपास परवावर आलेलं, आणि मी इथं रजेच्या फॉर्मवर शिक्का मारून घ्यायला रांगेत उभी.

लहू : माहितीय मला. मीच सोडलं तुला विमानतळावर.

धम्मदीपा : आता त्यांच्यासमोर दोन कागद आहेत. एक म्हणतो होती, एक म्हणतो नव्हती. शिक्षणाचा इतिहास जुळत नाही, म्हणून अर्ज बाद. तिन्ही युनिव्हर्सिट्यांचे अर्ज एकाच कचेरीतून तपासून जातात, त्यामुळे तिन्ही बाद.

लहू : आल्झो, तर मग विडरश्प्रुख टाकू. अपील! मी आज ड्राफ्ट करतो. ऑफिसातला तो वकिलाचा भाऊ आहे, त्याला दाखवतो.

धम्मदीपा : विचारलं मी बाईंना. उत्तराला तीन महिने. तोवर ऑक्टोबरची अ‍ॅडमिशन संपते.

लहू : पुढच्या ऑक्टोबरला.

धम्मदीपा : माझा व्हिजा सप्टेंबरअखेर संपतो मामा. तयारीच्या वर्षाचा व्हिजा आहे, वाढवायची मुदतही संपली. अ‍ॅडमिशनचं पत्र दाखवलं तरच नवा.

लहू : दुसरं काही? भाषेचा कोर्स? एखादी खासगी...

धम्मदीपा : मामा, ही सगळी नावं त्या बाईंनीच घेतली आणि त्यांनीच खोडली. चांगली होती बाई. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तुम्ही टेबलाकडे बघत होतात.

लहू : मग तो कागदच मागे घेऊ. चुकून जोडला म्हणू.

धम्मदीपा : शपथपत्र आहे. चुकून शपथ घेतली म्हणायचं? बाबा खोटं बोलले असं लिहून देऊ मी?

लहू : नाही. तसं नको.

धम्मदीपा : काढा ना गाडी.

लहू : मीच लावला तो कागद जोडायला. तू म्हणत होतीस, मामा, त्यांच्या यादीत नाही हा. मी म्हटलं, असू दे, कागद जास्त झाला तर कोणी फाडून खात नाही.

धम्मदीपा : जाऊ द्या.

लहू : काय जाऊ द्या? मला डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला जायचं होतं. मधलं एक वर्ष मी सिमेंटच्या दुकानात काम केलं होतं. काउंटरवरचा क्लार्क म्हणाला, गॅप सर्टिफिकेट कुठाय? त्या दिवशी शेवटची तारीख. धावत कोर्टात गेलो तर नोटरी जेवायला गेलेला. परत आलो तर खिडकी बंद. वर्ष गेलं माझं, दीपा. एका कागदावाचून. तेव्हापासून मी कुठेही जाताना पिशवीभर कागद नेतो. तुझी मामी हसते मला. व्हिजाला गेलो तर चौथीचं प्रगतीपुस्तक घेऊन गेलो होतो.

धम्मदीपा : हो, मामीनं सांगितलंय.

लहू : कागद नसला म्हणून माझं वर्ष गेलं, आणि कागद दिला म्हणून तुझं घालवलं मी. वर जर्मन भाषांतर करून घेतलं, सही-शिक्क्याचं! इंग्रजीत असतं तर निदान कोणी नीट वाचलं नसतं.

धम्मदीपा : मी वाचलं होतं.

लहू : काय?

धम्मदीपा : अपलोड करताना. ती ओळ वाचली होती मी. खटकलीही होती.

लहू : मग बोलली का नाहीस?

धम्मदीपा : बाबांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला होता. हातात स्टँपपेपर धरलेला, मागे कोर्टाचं गेट. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ते एकटे घराबाहेर पडले होते. शेजारच्या शैलाकाकू म्हणाल्या, सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, पोरीचं काम आहे म्हणून. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना काय सांगू, तुमचा कागद नको?

लहू : नाही. नसतं सांगता आलं.

धम्मदीपा : मला वाटलं, कोण एवढं वाचतंय.

लहू : इथं वाचतात गं. हे लोक सगळं वाचतात.

धम्मदीपा : आता परत परभणी. तिकडचेही प्रवेश संपलेत. म्हणजे एक वर्ष घरी, गॅप.

लहू : दाजींना काय सांगायचं?

धम्मदीपा : माहीत नाही.

लहू : मी सांगतो. माझी चूक झाली म्हणतो. फॉर्म भरताना माझ्याकडून...

धम्मदीपा : ते विचारतील कुठली चूक. तीस वर्षं जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळलीय त्यांनी. एकेक कागद मागवतील तुमच्याकडून. आणि सापडेल त्यांना.

लहू : त्यांचं हृदय... डॉक्टर म्हणाले होते ना, धक्का नको.

धम्मदीपा : म्हणूनच म्हणते, घरी चला. मामीशी बोलू. फोन वाजतोय तुमचा.

लहू : दाजी आहेत.

धम्मदीपा : नका उचलू.

लहू : मघापासून चार मिस्ड कॉल झालेत. नाही उचलला तर घाबरतील. ... जय भीम, दाजी. हो, स्पीकरवर आहे. दीपा इथंच आहे.

भास्कर (धम्मदीपाचे बाबा, फोनवर) : जय भीम, लहूराव. दीपा बेटा, जेवलीस का?

धम्मदीपा : जेवले, बाबा. तुम्ही गोळी घेतली?

भास्कर : घेतली बाई. तू आन् शैलाबाई मिळून मला गोळ्याच चारता. ते राहू दे. लागला का नंबर?

धम्मदीपा : अजून... कळवतील, बाबा.

भास्कर : कळवतील, कळवतील. मोठ्या हापिसाला वेळ लागतो. आपला कागद पोचला ना पण?

धम्मदीपा : पोचला.

भास्कर : वाचला त्यांनी?

धम्मदीपा : हो बाबा. नीट वाचला.

भास्कर : मग! मी त्या टायपिस्टाला म्हणलो, एक शब्द गाळू नको, जर्मनीला जायाचाय. तर नोटरीनं मान वर करून बघितलं, आन् मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. लहूराव, ऐकता ना?

लहू : ऐकतोय, दाजी.

भास्कर : तुमच्यामुळं झालं हे. तुम्ही म्हणला नसता तर मला काय सुचणार होतं? नुसता खाटेवर पडून होतो. पोरीनं माझ्यापायी सहा महिने घालवले, मला तिच्यासाठी येवढं तरी करता आलं. ... लहूराव? आवाज येत नाही तुमचा.

धम्मदीपा : रेंज नाहीये बाबा इथं.

भास्कर : बरं बरं, ठेवतो. आन् दीपा, एक सांगायचं राहिलं. मी दोन प्रती करून घेतल्या होत्या. दुसरी कपाटात ठेवलीय, तुझ्या आईच्या फोटोमागं. पुढं कधी लागलाच तसा कागद, तर मजकूर तयार आहे, नुसत्या तारखा बदलायच्या.

धम्मदीपा : ठेवा, बाबा. जपून ठेवा. लागेल.