शेवटची दहा पानं

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन मैत्रिणी बसल्या होत्या. एकीचा गाल सुजला होता आणि मांडीवर लायब्ररीची कादंबरी होती.

"काय आहे गं त्यात एवढं?"

"एक बाई मैत्रिणीचं नोकरीचं पत्र लपवून ठेवते. वर म्हणते, तुझ्याच भल्यासाठी."

"मैत्रीण भोळसट असेल."

"तसं तिला सांगून सांगून केलंय."

"तुला बाई सगळ्यात खोट दिसते."

"माझा बदलीचा अर्ज साहेबांना दिलास ना? काल शेवटची तारीख होती."

"पर्समध्येच आहे."

"सोमवारी दिला म्हणालीस."

"नव्या गावात तुझं कोण आहे? कुणाशी धड बोलता येत नाही तुला. बघतेस काय अशी? मी काय परकी आहे?"

"हे वाक्यही आहे यात. पान एकशे बारा."

"आण ते इकडे, मी परत करते. असलं वाचून डोकं फिरतं तुझं."

"शेवटची दहा पानं राहिलीत."

"शेवट मी सांगते. दोघी मैत्रिणीच राहतात."

"तू वाचलीयेस?"

"वाचायला कशाला हवी? ऊठ, तुझा नंबर आला. मीही येते आत. कुठला दात दुखतोय ते तुला नीट सांगता यायचं नाही."