आमच्या कारखान्याचे पाच विभाग

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि इतकी वर्षं आम्हाला लाकडी मुठी पुरवणारे आदरणीय सुतारकाका, व्यासपीठावर बसलेल्या माझ्या वहिनी, ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या पॅकिंगच्या मावशी, समोर बसलेले शेजारचे टेलरमास्तर, कारखान्यातले माझे सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, आणि मागे उभे राहिलेले सर्वजण. खुर्च्या कमी पडल्या त्याबद्दल दिलगीर आहे. इतके लोक येतील असं वाटलं नव्हतं. मावशींना वाटलं होतं, पण त्यांचं आम्ही ऐकलं नाही.

आमच्या घरात बोलण्याचं काम थोरल्या भावाकडे, दादाकडे होतं. तो जाऊन पाच महिने झाले. म्हणून आज ते काम माझ्याकडे आलं आहे. मी लिहून आणलंय. कागदावरून मान वर केली नाही तर गैरसमज नसावा.

जे प्रथमच आले आहेत त्यांच्यासाठी सांगतो, आम्ही बाटल्या धुवायचे ब्रश बनवतो. दोन तारांमध्ये नायलॉनचे केस धरायचे, पीळ द्यायचा, कडा छाटायच्या, मूठ बसवायची. एवढंच. आमचे जुने कारागीर मामा पीळ देतात, मावशी तपासतात आणि बांधतात, आणि मी मध्ये मध्ये येतो. मावशी, मान हलवू नका, मी आधीच कबूल केलंय.

काही वर्षांपूर्वी बाजारात परदेशातून ब्रश यायला लागले. दिसायला देखणे, किंमत आमच्या निम्मी. आमची दुकानं एकेक करून गेली. एक दुकानदार तर दादाला म्हणाला, "तुमचा ब्रश दहा वर्षं टिकतो हो, मग मी पुढची दहा वर्षं विकू काय?" दादा घरी आला, जेवला, आणि म्हणाला, "ते इकडे विकतात ना? मग आपण तिकडे विकू."

त्याने खरंच तिकडचं एक गिऱ्हाईक शोधलं. मोठी कंपनी, खरेदीच्या प्रमुख एक बाई. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुमच्याकडे विभाग किती? आता आमच्याकडे पत्र्याची एक लांब शेड, वर ऑफिसचा माळा आणि दादा सोडून आठ माणसं. दादा म्हणाला, "पाच." एक्सपोर्ट, प्रॉडक्शन, क्वालिटी, पॅकिंग आणि ग्राहकांच्या तक्रारी. पाचही विभागांचे प्रमुख कोण, हे मी सांगायला हवं का?

अध्यक्षमहाराज, तो पाच सह्यांनी मेल पाठवायचा. आणि नुसता पाठवायचा नाही, त्यांची भांडणं लावायचा. क्वालिटीचे प्रमुख प्रॉडक्शनच्या प्रमुखांना झापायचे, "आपला निष्काळजीपणा आता सहन होणार नाही." प्रॉडक्शनचे प्रमुख उलट लिहायचे, "साहेबांनी कधी खाली उतरून मशीन पाहावं." आणि हे सगळं बाईंना माहितीसाठी जायचं. एकदा बाईंनी प्रॉडक्शनची बाजू घेतली, तर दादा दोन दिवस फुगून बसला. क्वालिटीच्या वतीने!

गंमत सोडा, पण काम बदललं हे खरं. केस एका देशातून, तार दुसऱ्या देशातून. कुठल्या तरी समुद्रात एक जहाज अडकलं की आमच्या गल्लीत मामा पत्ते काढून बसायचे. टेलरमास्तर विचारायचे, "काय हो, काम नाही?" मामा म्हणायचे, "जहाज रुतलंय." जणू काही ते नाक्यावरच रुतलंय. आम्ही बाईंच्या सुट्ट्यांना सुट्टी घ्यायला लागलो. आमच्या सुट्टीला मशीन सुरू, आणि कुठल्यातरी अनोळखी दिवशी आम्ही घरी बसून एकमेकांना विचारायचो, आज नक्की काय आहे? खोक्यावर एकाऐवजी सात लेबलं आली, त्यातली पाच कुणालाच वाचता येत नव्हती. मावशी ती रंगावरून लावायच्या. "हिरवं डोक्यावर, लाल कमरेला," असं पुटपुटत.

मग दादा गेला. सकाळी माळ्यावर चढला आणि तिथेच बसला.

बाईंचा मेल आला. दादाच्या मुलीने, माझ्या पुतणीने, मोठ्याने वाचला. आपल्या एक्सपोर्ट प्रमुखांच्या निधनाने दुःख झालं. आपले क्वालिटी प्रमुख त्यांच्या फार जवळचे असावेत असं पत्रांवरून वाटतं, त्यांना आमच्या वतीने धीर द्यावा, आणि पुढचं काम आता त्यांनीच पाहावं.

घरात सगळे रडत होते. पुतणीने डोळे पुसले आणि मला विचारलं, "काका, बाबांना बाबांच्या जाण्याबद्दल धीर कसा द्यायचा?"

एकाच दिवशी दोन प्रमुख गेले असं कळवायचं कसं? कारखान्यात काय साथ आली आहे का, असं विचारलं असतं त्यांनी. म्हणून क्वालिटीचे प्रमुख जिवंत ठेवावे लागले. आणि महिनाभरात बाईंनी कळवलं, नवी ऑर्डर देण्याआधी व्हिडिओ कॉलवर पाचही विभाग पाहायचे आहेत, प्रमुखांसह.

वहिनींनी तेव्हा मला स्पष्ट सांगितलं होतं. हे काम राहिलं तर कारखाना राहील, नाहीतर मशिनं विकू. त्या दादा गेल्यापासून माळ्यावरच हिशोब बघायच्या, खाली शेडमध्ये उतरल्या नव्हत्या. भंगारवाला येऊन मशिनांभोवती एक फेरी मारून गेला होता. आठ घरं त्या एका कॉलवर होती.

बेत मावशींचा. त्या बसल्या आहेत समोर, नाही म्हणू देत! पुतणी फोन धरून हळूहळू चालणार, आणि फोन पुढच्या कोपऱ्यात पोचायच्या आत आम्ही मागच्या दाराने पळून तिथे उभे राहणार. मधली वाट टेलरमास्तरांच्या दुकानातून. मास्तरांनी दोन्ही दारं उघडी ठेवली होती. त्या वेळी एक गृहस्थ सदऱ्याचं माप देत हात पसरून उभे होते. त्यांच्या काखेखालून मी, मागून मामा, मागून मावशी. ते गृहस्थ म्हणाले, "अहो, आग लागलीय का?" मामा पळता पळता म्हणाले, "नाही, क्वालिटी पलीकडे आहे!"

प्रॉडक्शनमध्ये मावशी निळ्या एप्रनमध्ये. क्वालिटीत त्याच मावशी, पांढरा एप्रन आणि माझा चष्मा घालून. त्यामुळे मला काही दिसत नव्हतं आणि मी पॅकिंगच्या खोक्यात बसलो. पॅकिंगमध्ये मावशी डोक्याला रुमाल बांधून. तिथे फोनवरच्या बाईंनी पुतणीला थांबवून विचारलं,

"या बाई मघाशी भेटल्या ना?"

"त्या यांच्या बहीण," पुतणी म्हणाली.

"आणि त्याच्या आधीच्या?"

"त्या... थोरल्या."

मावशींना धाप लागली होती. त्यांनी काय चाललंय ते विचारलंही नाही. म्हणाल्या, "पोरी, तिला विचार, मी जरा बसू का?" आणि पुतणीने सवयीने तेही भाषांतर करून टाकलं!

पलीकडे बाई पडद्याजवळ सरकल्या. इकडे मी खोक्यात. माळ्याच्या जिन्यावर वहिनी उभ्या होत्या, त्यांनी कठडा धरला होता. मला वाटलं, संपलं.

मग मावशी स्टुलावर बसल्या, रुमाल काढला आणि म्हणाल्या, "बाईंना सांग, आमचा माणूस गेला. पाच विभाग होते ते त्याचेच होते. त्याच्या जागी आम्ही आठ जण धावतोय, तरी पुरे पडत नाही."

पुतणीने ते कसं सांगितलं, तिलाच माहीत. मग बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, मला ठाऊक होतं. चार वर्षं ठाऊक होतं, आता मागे कोण उरलंय तेवढं बघायचं होतं. तुमच्या पाचही प्रमुखांना ताप एकाच दिवशी यायचा. पण त्यांचा माल कधी परत करावा लागला नाही, आणि त्यांची भांडणं आमच्या ऑफिसात सगळे वाचायचे.

सर्वांत आधी मामा हसले. मग मास्तर, ते दारातून बघत होते. मग जिन्यावरून आवाज आला. दादा गेल्यानंतर वहिनी पहिल्यांदा हसत होत्या, हसता हसता जिन्यावरच बसल्या. मी खोक्यातून उठायला गेलो तर खोकंच माझ्याबरोबर उठलं. दुःखाच्या घरात इतकं हसावं का? मला अजून समजत नाही. त्या वेळी थांबता मात्र येत नव्हतं.

बाईंनी अर्धी ऑर्डर दिली. तीन महिने बघू म्हणाल्या. मावशींचे गुडघे त्याआधीच बोलायला लागले होते, त्यांनी घरी बसायचं ठरवलं होतं. पण त्या मला म्हणाल्या, "भाऊ, ऑर्डर पुरी झाल्याशिवाय मी हलत नाही." आणि हलल्या नाहीत. या सोमवारी पूर्ण ऑर्डर आली. वर्षभराची. मला मराठीत दुसरा शब्द सापडत नाही, मी नाचलो. मामांनी पाहिलं आहे, त्यांनी कृपया वर्णन करू नये.

त्याच दुपारी वहिनी जिना उतरून खाली आल्या. तपासणीच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि ढिगातला एक ब्रश उचलून उजेडात फिरवून पाहिला. मावशींनी स्वतःच्या अंगावरचा पांढरा एप्रन काढला, वहिनींना घातला आणि पाठीमागे गाठ मारली. म्हणाल्या, "वाकडा दिसला की बाजूला टाकायचा. भाऊंनी केलेला असला तरी. भाऊंनी केलेला असला तर आधी टाकायचा."

ती गाठ त्यांनी इतकी घट्ट मारली की संध्याकाळी कुणालाच सुटेना. वहिनी एप्रन घालूनच घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी तो घालूनच शेडमध्ये हजर होत्या.

मावशी, तुम्ही निश्चिंत घरी बसा. तुमची जागा भरली आहे.

सुतारकाका, आपण वेळ काढून आलात, मास्तरांनी दुकान बंद ठेवलं, सगळ्यांनी उभं राहून ऐकलंत, सर्वांचा मनापासून आभारी आहे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचा उल्लेख सुटला असेल किंवा नको तो झाला असेल, तर नवखा माणूस समजून पोटात घाला. एवढं बोलून मी खाली बसतो.